कोजागिरीला सोसायटीत ‘मधुमती’ दाखवायचाय : गाणी कापावीत का?

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत (गंगापूर रोड, नाशिक) ‘मधुमती’ दाखवायचं घाटतंय. ऐंशीच्या आसपास माणसं असतील. निम्मी साठीच्या पुढची, वीस-पंचवीस कॉलेजातली पोरंपोरी, बाकी मधली. तिकीट नाही, मसाला दूध सोसायटीच्या खर्चाने.

चित्रपट १९५८ चा, कृष्णधवल, पावणेतीन तासांचा, अकरा गाण्यांचा. इथेच समितीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, सहा-सात गाणी कापा आणि सव्वादोन तासांत संपवा, नाहीतर मुलं उठून जातील. दुसरा म्हणतो, गाण्यांसाठीच तर लोक येणार आहेत. साठ वर्षांहून जुन्या या प्रेमकथेत आजही माणसाला धरून ठेवणारं नेमकं काय आहे, हे कळलं तर कापायचं की नाही ते ठरवता येईल. जाणकारांनी सांगावं.

शिवाय पडदा, प्रोजेक्टर, आवाज यांची जुळणी कशी करावी? जागेच्या एका कडेला मनपाचा दिव्याचा खांब आहे, तो बंद करता येत नाही. परवानगी कोणाकोणाची लागते? सुरुवातीला मुलांकडून यातली एक-दोन गाणी म्हणवून घ्यायचाही विचार आहे.

---

सुरावट यांचा प्रतिसाद

एकही गाणं कापू नका. एरवी ‘जुनं आहे, आदर ठेवा’ एवढंच कारण दिलं जातं, पण इथे कारण कथेच्या बांधणीतच आहे.

सुरुवात आठवा. पावसाची रात्र, दरड कोसळून रस्ता बंद, आडरानातली जुनी हवेली. आत गेल्यावर नायकाला सगळं ओळखीचं वाटतं आणि गेल्या जन्मीची गोष्ट उलगडू लागते. म्हणजे या प्रेमाचा शेवट वाईट झालाय, हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळतं. ‘काय होणार’ ही उत्सुकता ऋत्विक घटकांच्या कथेने आधीच काढून घेतली. मग माणूस पुढे अडीच तास कशासाठी बसतो? काय हरवलं हे त्याला पाहायचं असतं. आणि जे हरवलं ते संवादांत कमी आणि गाण्यांत जास्त आहे. गाणी काढलीत तर उरतो एक जमीनदार, एक खून आणि एक भूत.

‘सुहाना सफ़र’ घ्या. गेल्या जन्मीचा नायक आनंद (दिलीपकुमार) नोकरीवर रुजू व्हायला डोंगरात येतो आणि मुकेशच्या आवाजात वाट चालू लागते. पक्ष्यांचे आवाज, दरीतून परत येणारा प्रतिध्वनी. वरवर पाहता नायक फिरतोय आणि गातोय. खरं काम वेगळं चाललेलं असतं: जंगल तुमच्या ओळखीचं आणि आवडीचं होतं. पुढे याच जंगलात धुकं दाटतं, माणूस सापडत नाही, आणि तेव्हा जी भीती वाटते ती या ओळखीमुळे वाटते. हे गाणं काढून पुढचा शोधाचा प्रसंग पाहा, तिथे नुसती झाडं दिसतील.

‘आजा रे परदेसी’ तर सगळ्या चित्रपटाचा कणा आहे. आनंद आधी आवाज ऐकतो. चेहरा नंतर दिसतो. प्रेम आवाजावर जडलं असल्यामुळे मधुमती नाहीशी झाल्यावर तोच सूर पुन्हा कानी येतो तेव्हा ती आहे की नाही, याचा संशय त्याला पडतो तसा आपल्यालाही पडतो. संगीतकार सलिल चौधरींनी ही चाल पार्श्वसंगीतातही फिरवत ठेवली आहे. सुरुवातीला गाणं पूर्ण ऐकलं नसेल तर नंतरच्या दोन-चार सुरांना काही अर्थच राहत नाही. फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान लताबाईंना याच गाण्यासाठी मिळाला. त्या वेळी गायक-गायिका मिळून एकच पुरस्कार होता.

आता मुकेश आणि रफी. ‘सुहाना सफ़र’ आणि ‘दिल तड़प तड़प के’ मुकेशकडे, ‘टूटे हुए ख़्वाबों ने’ रफीकडे. पडद्यावर तिन्ही वेळा दिलीपकुमारच. एकाच माणसाला दोन आवाज देणं त्या काळी नवं नव्हतं. पण इथे ते फार नेमकं लागू पडलंय असं माझं ठाम मत आहे. सुखात असलेला आनंद साध्या, गुणगुणण्याजोग्या आवाजात बोलतो. मोडल्यावर त्याचा आवाजच बदलतो. मधलं एक जरी गाणं गेलं तरी हा फरक पोचत नाही.

‘दिल तड़प तड़प के’ची चाल पोलंडकडच्या सायलेशिया भागातल्या लोकगीतावर बेतलेली आहे. मुलांना हे आधी सांगा, मूळ लोकगीत मोबाईलवर ऐकवा, मग चित्रपट दाखवा. परकी चाल घेऊन ती डोंगरातल्या दोन प्रेमिकांच्या तोंडी इतकी सहज बसवणं म्हणजे काय, ते त्यांना लगेच ऐकू येतं. सलिलदांचं बालपण आसामच्या चहामळ्यांत गेलं. एकीकडे मळ्यातल्या कामगारांची गाणी, दुसरीकडे वडिलांच्या संग्रहातलं पाश्चात्त्य संगीत. ‘बिछुआ’मधल्या जत्रेच्या नाचात एक बाजू दिसते, या द्वंद्वगीतात दुसरी.

वेळ वाचवायचाच असेल तर कथेला धक्का न लावता निघू शकेल असं एकच गाणं, जॉनी वॉकरचं ‘जंगल में मोर नाचा’. त्यातून तीन-चार मिनिटं वाचतील. आणि ताण चढत असताना प्रेक्षकाला जरा मोकळं हसू देणारी तेवढीच जागा आहे, तीच काढाल. मी काढणार नाही.

मुलं उठून जातील ही भीती रास्त आहे, पण गाण्यांमुळे ती उठत नाहीत. चित्र ताणलेलं, आवाज चिरका आणि समोर अर्धा तास भाषण, यामुळे उठतात. प्रास्ताविक तीन मिनिटांचं ठेवा. ‘कर्ज़’ (१९८०) किंवा ‘ओम शांति ओम’ (२००७) त्यांनी पाहिलेला असतो. पुनर्जन्माच्या हिंदी चित्रपटांची ही जुनी वाट आहे, शेवटची वीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून पाहा, एवढंच सांगा. शेवट मात्र कोणीही फोडू नये. साठीच्या पुढच्यांना हे आधी बजावून ठेवावं लागेल!

---

पडदा आणि पट्टी यांचा प्रतिसाद

सुरावट यांच्याशी सहमत. यंत्रांचं मी सांगतो.

आधी आकार. चित्रपट जुन्या जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट. आजचे प्रोजेक्टर १६:९ चे. मंडपवाला चित्र ‘पडदा भरून’ लावून देतो आणि वैजयंतीमाला आडवी पसरते. मुलांना जुना चित्रपट विचित्र वाटतो त्याचं निम्मं कारण हेच. प्रोजेक्टरच्या मेनूत आकार ४:३ किंवा ‘मूळ’ असा ठेवा आणि डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहू द्या. झूम करून पट्ट्या घालवायच्या नाहीत, त्यात वरून डोकी आणि खालून नाचातले पाय कापले जातात.

ऐंशी माणसांना १२ फूट रुंद, ९ फूट उंच चित्र पुरेसं आहे. त्याचं क्षेत्रफळ १०८ चौरस फूट, म्हणजे सुमारे १० चौरस मीटर. ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर घेतलात तर ४:३ चित्रासाठी त्याच्या पटलाचा तीन-चतुर्थांश भागच वापरला जातो, म्हणजे हाती लागले २२५०. पडद्यावर दर चौरस मीटरला २२५ ल्युमेन, म्हणजेच २२५ लक्स. अंधारात हे छान दिसतं. भाड्याने घेताना आकडा ‘एएनएसआय ल्युमेन’मध्येच (ठरलेल्या मानकाने मोजलेला उजेड) विचारा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर छापलेल्या दहा-बारा हजारांना काही अर्थ नसतो. दिवा जुना असेल तर उजेड निम्म्यावर आलेला असू शकतो, तेव्हा आदल्या रात्री लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोजागिरीचा चंद्र चित्र खराब करेल असं बहुतेकांना वाटतं. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, २२५ पुढे ते काहीच नाही. खरा शत्रू तुमचा खांब. त्याचा १० लक्स उजेड पडद्यावर पडला तर सर्वांत काळी जागासुद्धा पांढऱ्याच्या तेविसाव्या हिश्शाइतकी उजळ राहते. दिलीप गुप्तांचं सगळं छायाचित्रण धुकं, सावल्या आणि काळोखातल्या चेहऱ्यांवर उभं आहे, ते राखाडी लगद्यासारखं दिसेल. खांब आणि पडदा यांच्यामध्ये मंडपाचं जाड काळं कापड किंवा ताडपत्री उभी बांधा. पडद्याच्या जागी मोबाईलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप धरा. मोबाईलचं मोजमाप कच्चं असतं, पण १ च्या खाली आकडा आला की पुरे.

पडद्याची पाठ पूर्वेकडे करा. चंद्र त्या संध्याकाळी पूर्वेला उगवतो, त्यामुळे त्याचा उजेड पडद्याच्या मागे पडेल आणि लोकांना चित्रपट पाहता पाहता चंद्रही वर येताना दिसेल. चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर हवी, नाहीतर मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात. शेवटची रांग पडद्यापासून ४५-५० फुटांच्या पलीकडे नको.

प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यरेषेत ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र सरळ करायच्या मेनूतल्या सोयीने) चौकोन सरळ केला की चित्र मऊ पडतं. चित्राचा प्रकार ‘सिनेमा’, रंगतापमान उबदार. ‘डायनॅमिक’वर पांढरे कपडे निळे मारतात आणि धुक्यातले थर जळून जातात. हालचाल गुळगुळीत करणारी आणि ‘नॉइज’ घालवणारी सोय बंदच. या सोयींना फिल्मचा दाणा आणि धुकं यातला फरक कळत नाही, त्या दोन्ही पुसतात.

प्रत निवडताना लांबी पाहा. १६६ मिनिटांच्या आसपास हवी. फारच कमी भरली तर गाणी किंवा प्रसंग गेलेले असतात. १५९-१६० भरली आणि सगळं जागेवर असेल तर ती सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने उतरवलेली असते. मूळ वेग २४. अशा प्रतीत सगळे आवाज अर्ध्या स्वराच्या पाऊण भागाइतके वर चढतात, लताबाई आणखी पातळ ऐकू येतात. रंगवलेली किंवा मागून ठेका चढवलेली प्रत अजिबात घेऊ नका.

आता आवाज. मूळ ध्वनी एकपदरी (मोनो) आहे. ‘सराउंड’, ‘वाइड’ असलं काही लावलं की संवाद पोकळ होतात. १२ इंची दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, दोन्हीत तोच आवाज. ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे घरघरीशिवाय काही नाही. ८ किलोहर्ट्झच्या वरचं थोडं उतरवा, तिथे फक्त सूंऽऽ असा खरखराट आहे. पण फार उतरवलंत तर घुंगरू जातील, आणि या चित्रपटात घुंगरांना कथेत काम आहे. साऊंडवाला सवयीने बास चढवतो. त्याच्याशेजारी कोणीतरी कान असलेलं माणूस बसवा.

जोडणी तारेनेच. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाने मागे पडतो आणि गाण्यात ओठ चुकलेले लगेच दिसतात. दव पडायला लागलं की यंत्रांवर आडवं कापड धरा, प्रोजेक्टरच्या हवा जायच्या जाळ्या मात्र झाकू नका.

---

घोटीकर यांचा प्रतिसाद

नाशिकमध्ये ‘मधुमती’ दाखवताय आणि आपल्या जिल्ह्याचं नाव अजून धाग्यात आलं नाही, म्हणून लिहितो.

बाहेरचं चित्रीकरण कुमाऊंत, नैनिताल-घोडाखाल-राणीखेतच्या परिसरात झालं. फिल्म धुतल्यावर दिसलं की बराचसा भाग धुरकट होऊन वाया गेलाय. सगळा लवाजमा घेऊन पुन्हा तिकडे जाणं परवडणारं नव्हतं. मग इगतपुरीजवळ, वैतरणेच्या परिसरात तो डोंगर पुन्हा उभा केला. कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांच्या लोकांनी पाइनची खोटी झाडं बनवून रोवली, आणि धुक्यासाठी गॅसचे बॉम्ब वापरले. आनंद मधुमतीला जंगलात शोधत फिरतो, तो भाग आपल्या इगतपुरीकडचा. काही चित्रीकरण मुंबईच्या आरे कॉलनीतही झालं.

मुलांना हे सांगण्यासारखं आहे, कारण मग ती चित्र वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. एका प्रसंगात खरं हिमालयाचं झाड, पुढच्या तुकड्यात सह्याद्रीत रोवलेलं खोटं, आणि सांधा दिसत नाही. संकलन हृषीकेश मुखर्जींचं. त्यांना, सुधेंदू रॉयना आणि दिलीप गुप्तांना, तिघांनाही या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं. एकूण ९ फिल्मफेअर होते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने १० मिळवेपर्यंत तो विक्रम ३७ वर्षं टिकला. आधी वाया गेलेल्या फिल्मने सगळ्यांना किती बारकाईने काम करायला लावलं असेल, ते ही तीन बक्षिसं एकत्र मांडली की कळतं.

एक विनंती. एखादी चौकट थांबवून ‘हेच ते इगतपुरी’ असं ठासून सांगू नका. तीन ठिकाणचे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि आज त्या भागात रस्ते, पाणी, वस्ती इतकं बदललंय की ताडून पाहणं अवघड आहे. मुलांना सहल काढायची असेल तर घोटीवरून वैतरणेकडे जाणारा रस्ता धरा. नाशिकहून घोटी तासाभराचा रस्ता आहे. पाऊस सरल्या सरल्या सकाळी लवकर गेलात तर धुकं खरंखुरं मिळेल. तिथे उभं राहून मोबाईलवर तो शोधाचा प्रसंग पाहावा. कोणत्या उतारावर पाइन रोवला असेल यावर पोरांचा वाद रंगतो, आणि रंगू द्यावा.

---

कलम आणि करार यांचा प्रतिसाद

परवानगीचं थोडक्यात.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. चित्रपट सप्टेंबर १९५८ चा, म्हणजे चित्रपट म्हणून मुदत २०१८ च्या अखेरीस संपली. ध्वनिमुद्रणालाही तोच हिशेब. एवढ्यावर ‘सगळं फुकट’ असं समजू नका. कथा, संवाद, गीत आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. शैलेंद्र १९६६ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांची मुदत २०२६ अखेरपर्यंत. सलिल चौधरी १९९५ मध्ये गेले, त्यांच्या चालींची २०५५ अखेरपर्यंत.

मुलं मंचावर गाणार असतील तर गीत-संगीताचा परवाना लागतो का, हे आयपीआरएसला (गीत-संगीताचे परवाने देणारी संस्था) आधी लेखी विचारा, आणि चित्रपटाबद्दलही त्याच पत्रात विचारून घ्या. तिकीट नाही, प्रायोजकाचा फलक नाही, फक्त रहिवासी, हे पत्रात स्पष्ट लिहा. डीव्हीडीवर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं छापलेलं असतं, म्हणून ती विकणाऱ्या कंपनीलाही एक ओळ लिहा. नव्याने साफसूफ केलेल्या प्रतीवर कोणी वेगळा दावा सांगत असेल तर तो तिथेच कळेल.

ध्वनिक्षेपकासाठी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५, आणि १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. कोजागिरी आहे म्हणून आपोआप सवलत मिळत नाही.

---

गंगापूररोडकर यांचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. गाणी कापायची नाहीत, हे सुरावट यांचा प्रतिसाद समितीत वाचून दाखवला की ठरेल. पण मग १० ची वेळ गाठायची कशी? मध्यंतर कुठे घ्यावं? आणि ५५ डेसिबलमध्ये शेवटच्या रांगेला ऐकू येईल का? ‘आजा रे परदेसी’ आणि ‘सुहाना सफ़र’ म्हणायला मुलं तयार आहेत, हार्मोनियम आणि ढोलक घरचेच आहेत.

---

पडदा आणि पट्टी यांचा प्रतिसाद

ऑक्टोबरच्या मध्यात नाशिकला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. पावणेसातला पुरेसा अंधार होतो. ६:५५ ला चित्रपट सुरू, १६६ मिनिटं अधिक १० मिनिटं मध्यंतर, की ९:५१. हाताशी नऊ मिनिटं. म्हणून मुलांची गाणी ६:२० ते ६:४०, प्रास्ताविक तीन मिनिटं, आणि पाहुण्यांचा सत्कार नको. सुरुवातीची नामावली अर्धवट अंधारात गेली तरी चालेल, हवेलीचा प्रसंग मात्र पूर्ण अंधारात हवा.

मसाला दूध मध्यंतरात देऊ नका. ऐंशी पेले दहा मिनिटांत वाटून होत नाहीत, पंचवीस मिनिटं जातात आणि शेवट कापायची वेळ येते. चित्रपट संपल्यावर द्या. चंद्र तोवर चांगला वर आलेला असेल आणि स्पीकर लागणार नाही. माणशी १०० मिलीच्या पेल्याला ऐंशी जणांचं ८ लिटर दूध होतं, आटवण्याचा हिशेब धरून १० लिटर आणा.

मध्यंतरासाठी ८० ते ९० मिनिटांच्या दरम्यान जिथे प्रसंग संपून पडदा काळा होतो ती जागा आधी शोधून मिनिट-सेकंद लिहून ठेवा. गाण्याच्या मध्ये किंवा गाणं संपल्या संपल्या थांबवू नका. इथे गाण्यानंतरच्या शांततेतही काहीतरी घडत असतं.

आवाजाची मर्यादा हद्दीवर मोजतात. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. म्हणून पुढचे दोन स्पीकर ढणढणीत लावण्यापेक्षा हळू ठेवा आणि मधल्या रांगेशी दोन छोटे स्पीकर, तेही हळू, मागच्या रांगेकडे तोंड करून ठेवा. मधले स्पीकर पुढच्यांपासून १२ मीटरवर असतील तर त्यांना ३५ मिलिसेकंद उशीर द्या, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. साऊंडवाल्याच्या मिक्सरवर ही सोय नसेल तर मधले स्पीकर नकोत, खुर्च्याच पुढे ओढा.

---

बागेश्रीप्रेमी यांचा प्रतिसाद

मुलांच्या गाण्याबद्दल.

‘आजा रे परदेसी’ बागेश्री रागाच्या अंगाने जातं. गंधार-निषाद कोमल, मध्यमावर विसावा. शास्त्रोक्त बागेश्री नव्हे, पण मध्यमाचा तो आधार सुटला की गाण्यातली ओढ जाते. ज्या मुलीला गायचंय तिला आठवडाभर आधी नुसता सा-ग-म आणि म-ध-नि-सां असा आलाप घोळवू द्या, मग शब्द. पट्टी ठरवताना मुखड्यावरून ठरवू नका. अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर आधी म्हणवून घ्या. तो न ओरडता लागला तरच ती पट्टी. लताबाईंची पट्टी धरायचा हट्ट केला की अंतऱ्यात आवाज चिरतो आणि हाकेची किंकाळी होते. वर सांगितलेल्या २५ चौकटींच्या प्रतीवरून तर पट्टी मुळीच घेऊ नका, ती मुळातच चढलेली असते.

लयीचा दुसरा धोका. मुलं घाबरली की पळतात. ढोलकवाल्याला ठेका भरायला सांगू नका, साधा ठेवायला सांगा. हार्मोनियमने गाण्यावर पांघरूण घालू नये. ओळींच्या मधल्या जागा मोकळ्या ठेवा, कोणाकडे बासरी असेल तर त्या तिला द्या. तयार कराओके ट्रॅक नको. त्यांत लय एकसारखी ठोकलेली असते आणि ही दोन्ही गाणी श्वासावर चालतात.

‘सुहाना सफ़र’ मुलग्यांना सोपं वाटतं, कारण मुकेशचा पल्ला मधल्या सप्तकात आहे. चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. ओळ संपल्यावर दरी परत बोलते, त्यासाठी मूळ गाण्यात जागा ठेवली आहे. ती न थांबता पुढे गेलं की प्रवासाचं गाणं कवायतीचं होतं. माइकला सतत एको लावू नका, सगळे शब्द एकमेकांवर चढतात. त्यापेक्षा दोन मुलं खुर्च्यांच्या मागे, माइकशिवाय उभी करा आणि ओळीचं शेवटचं अक्षर त्यांना हळू परत म्हणायला लावा. मोकळ्या जागेत हे फार सुंदर ऐकू येतं.

क्रम असा ठेवा: आधी ‘सुहाना सफ़र’, मग ‘आजा रे’. चित्रपटातही वाट आधी येते आणि हाक नंतर. ‘आजा रे’चा एकच अंतरा घ्या. पूर्ण गाणं लोकांनी पडद्यावरच ऐकावं.

---

सुरावट यांचा प्रतिसाद

बागेश्रीप्रेमींच्या एका अंतऱ्याच्या सूचनेला जोरदार पाठिंबा.

दिव्यांबद्दल एक राहिलंच. चित्रपट संपल्याबरोबर ट्यूबलाइट लावू नका. गेल्या जन्मीची गोष्ट संपल्यावर कथा परत पावसाच्या रात्रीत येते, आणि रेल्वेच्या अपघाताची बातमी कळल्यावर स्थानकावर जे घडतं त्यासाठीच पुनर्जन्माचा सगळा डोलारा उभा केलेला आहे. आनंद-मधुमतीचं संपलं की चित्रपट संपला असं वाटून लोक खुर्च्या सरकवायला लागतात. दिव्याच्या बटणाशी चित्रपट पूर्ण पाहिलेलाच माणूस बसवा आणि दुधाच्या पातेल्यापाशी असलेल्यांनाही सांगून ठेवा, स्थानकाचा प्रसंग होईपर्यंत पेल्यांचा आवाज नको.

---

गंगापूररोडकर यांचा प्रतिसाद

पोलीस ठाण्याचा अर्ज आणि आयपीआरएसचं पत्र उद्याच लिहायला घेतो. ताडपत्री मंडपवाल्याकडे आहे, लक्स मोजून आकडा इथे टाकतो. कोणाकडे २४ चौकटींच्या वेगाची स्वच्छ प्रत कुठे विकत मिळते याची माहिती असेल तर कृपया कळवा.